वार हाय अजून

त्या दिवशी गुरुवार होता. हे मला पक्कं आठवतं, कारण पुढे चौकीत तेच मला चार वेळा विचारलं गेलं.

साल सत्तावन्न, मार्च महिना. मी तेव्हा पनवेलच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स होते. मुंबईत अठरा महिने सुईणकाम शिकून आले होते आणि आसपासच्या गावांतून बोलावणं आलं की बाळंतपणाला जायचं, हेच माझं मुख्य काम. वय चौतीस. लग्न केलेलं नाही. ही माहिती प्रत्येक घरात आधी द्यावी लागे, कारण 'जिला सोताचा पोर नाय, ती आमचा पोर काय काढनार' हा प्रश्न माझी पिशवी खाली ठेवायच्या आत कोणी ना कोणी विचारतच असे. उत्तर देऊन देऊन मी इतकी वैतागले होते की शेवटी म्हणायचे, "न्हाव्याला टक्कल असलं तर तुम्ही केस कापून घेत नाही का?"

त्या गुरुवारी ओव्याहून बोलावणं आलं. घर गुणाबाईंचं. थोरला मुलगा तुळशीराम मिठागरावर कामाला, धाकटा जगन बैलगाडी हाकायचा. दोघेही तिशीच्या आगेमागे. बाळंतीण तुळशीरामची बायको रंभा. तिची ही दुसरी खेप. पहिला मुलगा चार वर्षांचा, त्याला शेजारी पाठवून दिलं होतं.

दहाच्या सुमाराला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, बाहेर येताच खणखणीत रडली. गुणाबाईंनी वाकून बघितलं, "पोरगीच ना," म्हणाल्या आणि पाणी तापवायचं निमित्त काढून चुलीकडे गेल्या. मी नाळ बांधली, कापली, मुलीला पुसून रंभाच्या छातीशी दिलं आणि वार पडायची वाट बघत बसले.

वार म्हणजे मुलाच्या मागून येते ती. नऊ महिने मुलाला पोसते आणि मूल झाल्यावर पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, आपणहून सुटून येते. ती आली की बाळंतपण संपलं. ती येईपर्यंत काहीच संपलेलं नसतं. घरात पेढ्यांची चर्चा सुरू झालेली असली तरीही.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. मी रंभाचं मूत्राशय रिकामं करून घेतलं, पोटावर हात ठेवून गर्भाशय चोळत राहिले, मुलीला पुन्हा पाजायला लावलं. वार जागची हलेना. आणि मग रक्त सुरू झालं. धो धो नव्हे, पण थांबेनाही. अशा रक्ताची मला जास्त भीती वाटते. धो धो वाहिलं की घरचे घाबरून ऐकतात तरी.

गुणाबाई परत आल्या, परिस्थिती बघितली आणि सरळ रंभाची वेणी उचलून तिच्या तोंडात कोंबू लागल्या.

"हे काय करताय?"

"केस तोंडात घातलं की वकारी येते. वकारी आली की वार पडते. आमच्यात असाच करतात."

"गुणाबाई, ती अर्धमेली झालीय. काढा ते."

"मना चार पोरं झाली, बाय. तुमाला किती झाली?"

रंभाला उलटी झाली. वार पडली नाही. मला सासूबाईंवर ओरडायलाही सवड नव्हती. माझा एक हात पोटावर होता, दुसरा नाडीवर. माझ्याजवळ रक्त थांबवायचं इंजेक्शन नव्हतं. दवाखान्याच्या नियमाप्रमाणे ते फक्त डॉक्टरांनी द्यायचं आणि अडकलेली वार हात घालून काढायची तर तीही फक्त डॉक्टरांनी. नियम करणाऱ्यांनी ओवे गाव बघितलेलं नव्हतं.

मी जगनला हाक मारली. तो दाराबाहेर, पाठ आमच्याकडे करून उभा राहिला.

"जगन, सायकल काढ आणि पनवेलला जा. डॉक्टरांना सांग, मूल झालं, पण वार अजून आत आहे, रक्त जातंय, असतील तसे निघा. काय सांगशील?"

"सांगतो ना."

"म्हणून दाखव."

त्याचा मागून दिसणारा कान लाल झाला होता.

"जगन, मी तुला गाणं म्हणायला सांगत नाहीये."

"वार हाय अजून," तो कसाबसा पुटपुटला आणि सायकलवर टांग टाकून निघाला. मी मागून ओरडले, "आणि रक्त! रक्त जातंय म्हणून सांग!" त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. चिठ्ठी लिहून दिली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझे दोन्ही हात गुंतलेले होते आणि त्या घरात लिहिता येणारं दुसरं कोणी नव्हतं.

ओव्याहून पनवेल सायकलने पाऊण तास. म्हणजे जायला पाऊण, यायला पाऊण. डॉक्टर टांगा करून आले तरी साडेबारा-एकपर्यंत हजर. मी हिशेब करत बसले होते.

एक वाजता जगन आला. एकटा.

"डॉक्टर?"

"येतो म्हनले."

"येतो म्हणजे? बरोबर का नाही आले?"

"पेशंट बघून, जेवून येतो म्हनले. घाई नको म्हनले." आणि मग जरा अभिमानाने, "मना पानी पन दिला पियाला."

घाई नको! मला आधी खरंच वाटेना. तिथे काय घडलं ते मला नंतर कळलं, पण ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे माझा संताप तुम्हालाही कळेल.

आमचे डॉक्टर वसावडा भावनगरचे. द्विभाषिक मुंबई राज्य होऊन चारच महिने झाले होते, आणि गुजरातचे लोक इकडे, इकडचे तिकडे अशी ये-जा चालू होती. डॉक्टर पनवेलला येऊन जेमतेम दहा आठवडे झाले होते. माणूस हुशार, हाताला चांगला, पण मराठी तीस-चाळीस शब्दांची. ताप, खोकला, पोट दुखतं, उद्या या. एरवी कंपाउंडर सगळं समजावून सांगायचा. तो नेमका भाचीच्या लग्नाला गेला होता.

जगन पोचला तेव्हा दवाखान्यात पंधरा-वीस बाया बसलेल्या. त्यांच्यासमोर वहिनीच्या बाळंतपणाचं बोलायचं म्हणजे त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने डॉक्टरांच्या टेबलाजवळ जाऊन खालच्या आवाजात एवढंच सांगितलं, "ओव्याशी नर्सबायनी धाडलाय. वार हाय अजून."

आता गुजरातीत वार म्हणजे उशीर, अवकाश. 'हजी वार छे' म्हणजे अजून वेळ आहे. डॉक्टरांनी ऐकलं ते हे. नर्सने निरोप पाठवलाय की बाळंतपणाला अजून अवकाश आहे. किती व्यवस्थित नर्स! त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "बधुं बराबर छे ना?" म्हणजे, सगळं ठीक आहे ना? जगनला ते कळलं नाही. पण डॉक्टर काही विचारतात तेव्हा हो म्हणायचं असतं, एवढं त्याला माहीत होतं. तो हो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "घाई नको. मी पेशंट बघून, जेवून येतो." हे वाक्य मात्र त्यांनी अगदी शुद्ध मराठीत म्हटलं.

इकडे मी जगनला फैलावर घेतलं. "रक्त जातंय म्हणून सांगितलंस?"

"तवड्या बायांसमोर कसा सांगू, बाय?"

मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात तुळशीराम मिठागरावरून आला. कोणीतरी बांधावर जाऊन त्याला सांगितलं होतं. पायांना अजून चिखल आणि मिठाची खपली. तो थेट आत घुसला. गुणाबाई "पुरुषमानूस आत कशाला" म्हणून आडव्या आल्या, त्यांना बाजूला सारून त्याने रंभाला दोन्ही हातांवर उचललं. तिच्याखालची भिजलेली गोधडी मी बदलली. त्याचा पांढरा सदरा छातीपासून खालपर्यंत लाल झाला. रंभाने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

"आता तू जा," मी त्याला म्हटलं. "आणि ऐक. आधी रक्ताचं सांग. काही लाजू नकोस. आधी रक्त, मग वार. बायको मरायला टेकलीय म्हणून सांग."

"सांगतो," तो म्हणाला, आणि या माणसाने खरोखरच सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. फक्त डॉक्टरांना नव्हे.

पनवेलच्या वेशीजवळ नाक्यावर चौकी होती. तिथे काशिराम हवालदार खुर्ची टाकून बसलेले. त्यांना दिसलं काय, तर रक्ताने माखलेला सदरा घातलेला एक माणूस जिवाच्या आकांताने सायकल हाणत येतोय. त्यांनी काठी आडवी घातली. कोणत्याही हवालदाराने घातली असती.

"काय रे, काय झालं?"

"रगत... लय रगत चाललाय, सायेब. वार... बायको मरतंय माजी..."

"वार कोणी केला?"

"नाय, वार... घरान..."

"घरात? घरात कोण होतं?"

"मीच होतो, सायेब. सोडा मना, दाक्तर पायजे!"

मीच होतो म्हटल्यावर हवालदारांनी त्याला आत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. मग स्वतः दवाखान्यात गेले. डॉक्टर तेव्हा हात धुऊन जेवायला बसणार होते. हवालदार म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ओव्याला खून झालाय, निदान व्हायच्या बेतात आहे. बाईवर वार." हा वार गुजरातीतही कळतो. डॉक्टर ताटावरून उठले. जखमा शिवायचं सामान, सलाइनच्या दोन बाटल्या, रबरी नळ्या, सगळं पेटीत भरलं. हवालदारांनी नाक्यावर मिठाचा एक ट्रक अडवला आणि दोघे निघाले.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की दोन वाजले, रस्त्यावर कोणी नाही आणि रंभाची नाडी धाग्यासारखी झालीय. ओठ पांढरे. अंगाला थंड घाम. मी हाक मारली तर 'ऊं' म्हणे, मग तेवढंही म्हणेना.

हात घालून वार काढताना मी मुंबईत दोनदा बघितलं होतं. बघितलं होतं, केलं नव्हतं. आमच्या थोरल्या नर्सबाई म्हणायच्या, हे नीट बघून ठेवा आणि कधी करू नका. मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. करायचं नव्हतं तर दाखवलं कशाला?

मी गुणाबाईंना म्हटलं, "पाणी उकळलेलं आहे? आणा. आणि दार लावून घ्या."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच उलट बोलल्या नाहीत. मी कोपरापर्यंत हात धुतले, जंतुनाशकाचं पाणी ओतून घेतलं, पुन्हा धुतले. गुणाबाईंना रंभाच्या उशाशी बसवून तिचे खांदे धरायला सांगितले. "ओरडली तरी सोडायचं नाही," म्हटलं. त्यांनी सोडलं नाही. रंभा एकदाच ओरडली, असं की दाराबाहेर जगन रडायला लागला. मला बोटांच्या टोकांनी वारेची कड लागली. ती एका बाजूने सुटली होती, दुसऱ्या बाजूने घट्ट. घाई केली तर फाटेल, हळू केलं तर रक्त. मी डोळे मिटले होते, कारण डोळ्यांचा तिथे काही उपयोग नव्हता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ती सबंध माझ्या हातात आली.

परातीत पसरून बघितली. कुठे तुकडा राहिला नव्हता. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय हळूहळू आक्रसून नारळासारखं कडक व्हायला लागलं. रक्त कमी झालं. मी भिंतीला टेकून खाली बसले. गुणाबाईंनी माझ्यापुढे गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं.

साडेतीनच्या सुमाराला ट्रकचा आवाज आला. दारातून आधी काशिराम हवालदार आत आले, काठी पुढे करून. त्यांच्यामागून पेटी घेऊन धापा टाकत डॉक्टर.

"जखम कुठे छे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसली जखम?"

"वार! छरीनो घा!"

साडेअकरा-बारापासून मी ज्या माणसाची वाट बघत होते तो चार तासांनी येऊन मला सुरी कुठे मारली म्हणून विचारत होता. तेवढ्यात हवालदारांनी कोपऱ्यातल्या ताटलीतली माझी नाळ कापायची कात्री फडक्याने उचलली. तिला रक्त होतं.

"हत्यार सापडलं," ते म्हणाले.

"ठेवा ती खाली!" मी इतक्या जोरात ओरडले की बाळ जागं झालं. "हवालदार, ही बाळंतिणीची खोली आहे. बाहेर व्हा. आधी बाहेर व्हा, मग काय ते विचारा!"

ते बाहेर झाले. कात्री मात्र घेऊन गेले.

डॉक्टरांना आता खोलीत काय आहे ते दिसलं. बाळ, परात, रंभाचा पांढराफटक चेहरा. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. एका मिनिटात नस शोधून सलाइनची सुई लावली, बाटली खुंटीला अडकवली, एक इंजेक्शन दंडात दिलं, नाडीवर बोटं ठेवून बसले. जखम शिवायला म्हणून आणलेलं सामान तसंच पडून राहिलं, पण सलाइन सुरीच्या घावासाठी आणलं होतं म्हणूनच आलं होतं. साध्या बाळंतपणाला ते बाटल्या घेऊन आले नसते. पहिली बाटली संपली तेव्हा रंभाने पाणी मागितलं.

"वार तुमी काढली?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. आता त्यांनी परात पाहिली होती आणि शब्द त्यांच्या लक्षात आला होता.

"हो."

"हात घालून? परवानगी कोणाची?"

"कोणाची घ्यायची होती? हवालदारांची?"

मग म्हणाले, "चंद्रावतीबेन, तो माणूस आला होता सकाळी. तो म्हणाला वार हाय अजून. मी समजलो, हजी वार छे. अजून वेळ आहे. आमच्यात याला ओर म्हणतात. वार नाही. ओर."

"आणि तुम्ही दुसरा एक प्रश्न नाही विचारलात?"

"विचारला. तो हो म्हणाला."

जगन दारातून आत बघत होता. आता तो लाजत नव्हता, रडून त्याचे डोळे सुजले होते. डॉक्टरांनी आपल्याच तोंडात मारून घेतल्यासारखी मान खाली घातली. मी म्हटलं, "रंभाला दवाखान्यात हलवू या. बाकीचं नंतर."

त्याच ट्रकमध्ये मिठाच्या गोणींवर गाद्या टाकून आम्ही तिला आणलं. गुणाबाई नातीला पदराखाली घेऊन तिच्याशेजारी बसल्या होत्या. गाडी खड्ड्यात गेली की ड्रायव्हरला शिव्या देत होत्या. पुरुष पुढे बसले. रंभाला खाटेवर नीट झोपवल्यावर मला आठवलं की तुळशीराम परतलाच नाही.

"तो चौकीत आहे," हवालदार म्हणाले, जणू छत्री विसरलीय.

"मग सोडा त्याला. बघितलंत ना, कोणी वार केला नाही."

"सोडायचं तर नोंद पुरी करावी लागेल. डायरीत वार लिहिलाय. तो खोडता येत नाही."

चौकीत गेले तेव्हा पाच वाजून गेले होते. तुळशीराम कोठडीत उघड्या अंगाने गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्याचा सदरा पुरावा म्हणून काढून घेतला होता. मी गजांपाशी जाऊन आधी त्याला सांगितलं, "रंभा बरी आहे. पोरगी बरी आहे." त्याने वर बघितलं. गजांमधून हात बाहेर काढून माझ्या पायाला लावायला लागला. मी मागे झाले.

हवालदारांना जबाब लिहायला पंच हवा होता. शेजारच्या शाळेचे कमळाकर मास्तर पायजमा-कोटात चाललेले दिसले, त्यांना बोलावलं. मास्तर सज्जन, पण शब्द दिसला की तो सोडत नसत. त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काय योगायोग! बघा बाई, आठवड्याचा वार संस्कृत. कापडाचा वार फिरंग्यांकडून आला असं म्हणतात. डॉक्टरांचा गुजराती वार वेगळा. घाव घालतात तो वार, त्याच्या मुळाबद्दल तर विद्वानांत..."

"मास्तर, तुळशीराम आत बसलाय."

"हो हो. आणि तुमची बाळंतिणीची वार ही तर स्त्रीलिंगी! हवालदार, लिंगभेद लक्षात घेतला असतात तर ही वेळच आली नसती."

हवालदार दुखावले. "तो माणूस रक्ताने न्हाला होता. मी लिंग कुठून बघणार?"

"लिहा," मी म्हटलं. सकाळपासून पोटात गुळाचा एक खडा होता. "मी सांगते तसं लिहा."

पण सांगते तसं लिहिणं हवालदारांना शक्य नव्हतं. घटनेचा वार कोणता? गुरुवार. वारेची वेळ? वार पडली ती वेळ की काढली ती? काढली असेल तर कोणी आणि कोणत्या हत्याराने? हाताने. हात हे हत्यार धरायचं का? मग पुन्हा, म्हणजे वार गुरुवारीच ना? शेवटी मास्तरांनी कागद ओढून घेतला आणि स्वतः लिहिलं. तो जबाब मला अजून पाठ आहे. "गुरुवारी सकाळी ओवे येथे रंभा तुळशीराम हिची वार वेळेत न पडल्याने रक्तस्राव झाला. तिच्यावर कोणीही वार केलेला नाही. जप्त केलेला सदरा, अंदाजे अडीच वार कापडाचा, तिच्या नवऱ्याचा असून त्यावरील रक्त तिला उचलताना लागले आहे. जप्त केलेली कात्री नर्सबाईंची आहे." हवालदारांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वरिष्ठ मला विचारतील, शुद्धीत होतास का?"

तरीही त्यांनी सही केली. तुळशीराम सुटला. सदरा मिळाला, कात्री चार दिवसांनी मिळाली. दवाखान्यात रंभाच्या खाटेशी तो पोचला तेव्हा दिवे लागले होते. गुणाबाईंनी त्याला उघडं बघून विचारलं, "सदरा कुठं हाय?" त्याने हातातली लाल गुंडाळी दाखवली. त्या म्हातारीला सकाळपासून पहिल्यांदा रडू आलं.

डॉक्टर मला बाहेर व्हरांड्यात भेटले. केसपेपर त्यांच्या हातात होता.

"बेन, मी लिहितो की वार मी काढली. म्हणजे तुम्हाला काही होणार नाही. दवाखान्याची कमिटी कडक आहे."

त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं होतं. मला कळत होतं. तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"साडेतीनला आलात आणि दोनला वार काढलीत?"

"मी तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी खरं लिहा. नाव चंद्रावती. वेळ दुपारी दोन. आणि निरोप सकाळी साडेअकरा-बाराच्या दरम्यान मिळाला होता, हेही लिहा."

मग टेबलाशी बसून त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या, स्वतःच्या चुकीसकट, आणि मला वाचायला दिलं. इंग्रजी होतं, पण मला कळलं.

कमिटीने अपेक्षेप्रमाणे केलं. पंधरवड्याने मला पत्र आलं की नियमबाह्य कृत्याबद्दल ताकीद देण्यात येत आहे आणि पुढील आदेशापर्यंत गावांत जाऊ नये. तोपर्यंत रंभा मुलीला घेऊन घरी गेली होती. मी दवाखान्यात बसून पट्ट्या गुंडाळायला लागले. आठ दिवसांत ओवे आणि बेलपाड्यातून तीन बाया आल्या, पोटं पुढे घेऊन, मला न्यायला. मी येऊ शकत नाही म्हटलं तर त्या सरळ डॉक्टरांच्या टेबलापाशी गेल्या. गुणाबाई त्यांच्या पुढे होत्या. "मी चार पोरांची आई," त्यांनी डॉक्टरांना सुनावलं, "पन ती नसती तं माजी सून नसती. तुमच्या कमिटीला सांगा, बाळंतीण हुकुमाची वाट बघत नाय."

डॉक्टरांना त्यातलं किती कळलं माहीत नाही. पण त्यांनी त्याच दुपारी कोट चढवला आणि कमिटीच्या सेक्रेटरींच्या पेढीवर गेले. दोन तास तिथे होते. काय बोलले, कोणत्या भाषेत, मला त्यांनी कधी सांगितलं नाही. परत आले तेव्हा घामाघूम होते आणि एवढंच म्हणाले, "शुं माणसो छे!" काय माणसं आहेत. यावर आमच्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

मेच्या सुरुवातीला दुसरं पत्र आलं. ताकीद कायम, बंदी मागे. डॉक्टर हजर नसताना रक्त थांबवण्याचं इंजेक्शन नर्सने द्यावं, त्यासाठी सहा कुप्या तिच्या पेटीत असाव्यात. डॉक्टरांनी माझ्यासाठी एक सायकलही मागितली होती. तिच्यापुढे 'आवश्यकता पटत नाही' असा शेरा होता.

ते पत्र मी घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं. कुप्या मोजून घेतल्या, एकीची काच तडकलेली निघाली, ती बदलून आणायला कंपाउंडरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आधीच बेलपाड्याहून माणूस आला. मी पिशवी उचलली आणि त्याच्याबरोबर चालत निघाले.